ताईचं पहिलं वर्ष

घरात कुणी नर्स झालं की शेजारीपाजारी पहिलं काम काय करतात, माहीत आहे? बीपी मोजून घ्यायला येतात. आमच्याकडेही तेच झालं. ताईचं रजिस्ट्रेशन झाल्याची बातमी गावात पसरली आणि दुसऱ्या दिवसापासून ओसरीवर रांग लागली. कुणाची शुगर, कुणाचा गुडघा, कुणाला गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर हे विचारायचं. आई चहा करून करून थकली, पण खूश होती. "माही पोरगी सिस्टर झाली," असं येईल त्याला सांगायची.

रजिस्ट्रेशनचा कागद हातात येणं आणि नर्स होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या रांगेतल्या कुणाला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. या दोन गोष्टींच्या मधे साधारण एक वर्ष जातं. ते वर्ष कुठल्याच अभ्यासक्रमात नाही आणि कुठल्याच सर्टिफिकेटवर येत नाही. मी मराठीची विद्यार्थिनी, वैद्यकातलं मला काही कळत नाही. पण ते वर्ष मी घरातून, सुट्ट्यांत आणि रोजच्या फोनवरून पाहिलं आहे. मंडळाच्या अंकासाठी विषय सुचत नव्हता तेव्हा ताईच म्हणाली, "कविता-बिविता राहू दे, एकदा आमच्यावर लिही." म्हणून हा लेख.

आमचं गाव बालाघाट जिल्ह्यात, वारासिवनीच्या बाजूला. जिल्हा मध्य प्रदेशात, पण 1956 पर्यंत आमची राजधानी नागपूरच होती. राज्यांची फेररचना झाली, विदर्भ तिकडे गेला आणि आम्ही इकडे राहिलो. घरात मराठी, शेजारी पोवारी, बाजारात हिंदी, आणि बैहरकडे गेलं की गोंडी आणि बैगांची बोली. मी नागपुरात शिकायला आले ती गोंदियामार्गे, आणि अजूनही घरी जाताना गोंदियाला गाडी बदलते. ताईनं मात्र जिल्ह्यातच राहून जीएनएम करायचं ठरवलं.

कोर्स तीन वर्षांचा. तिला लागली जवळपास पाच. मधल्या काळात मध्य प्रदेशातल्या नर्सिंग कॉलेजांच्या मान्यतेचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं होतं, हे तुमच्यापैकी काहींनी वाचलं असेल. इमारत नाही, शिक्षक नाहीत, शिकायला हॉस्पिटल नाही आणि तरी कॉलेज चालू, अशा तक्रारी होत्या. सीबीआयनं कॉलेजांची तपासणी केली. या सगळ्यात परीक्षा लांबत गेल्या. ताईचं कॉलेज तपासणीत नीट निघालं, पण परीक्षेची वाट सगळ्यांनीच पाहिली. त्या दिवसांत ती शेतावर रोवणीला जायची आणि रात्री जुनी वही काढून औषधांचे डोस पाठ करायची. पाहुणे विचारायचे, "पोरगी अजून शिकूनच राहिली काय?" बाबा काही बोलायचे नाहीत.

शेवटी निकाल लागला. भोपाळच्या कौन्सिलकडून नोंदणी झाली. नावापुढे आरएन, आरएम लागलं, म्हणजे रजिस्टर्ड नर्स आणि रजिस्टर्ड मिडवाइफ. आता या कागदाची एक गंमत सांगते. आमच्या जिल्ह्यातली वैनगंगा पुढे महाराष्ट्रात जाते, तिला कुणी कागद विचारत नाही. पण ताईला गोंदियात नोकरी करायची म्हटली तर महाराष्ट्राच्या कौन्सिलकडे वेगळी नोंदणी करावी लागते. गोंदिया बालाघाटहून जेमतेम 40 किलोमीटर. म्हणून तिनं आधी बालाघाटातच एका खासगी हॉस्पिटलात नोकरी धरली. हॉस्पिटलचं नाव इथे देत नाही. पगार महिन्याला आठ हजार. रुजू होताना तिची मूळ सर्टिफिकेटं ऑफिसात जमा करून घेतली. "सगळ्यांचीच ठेवतात," असं सांगितलं.

पहिले दोन-तीन आठवडे मजेत गेले. पांढऱ्या गणवेशातला फोटो स्टेटसला होता. घरी फोन आला की, आज अमुक इंजेक्शन दिलं, आज ऑपरेशन थिएटर आतून पाहिलं, असं भरभरून सांगायची. मग फोन छोटे होत गेले. "जेवलीस का?" "हो." "ड्युटी कशी झाली?" "झाली." तिसऱ्या महिन्यात मी दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले, तर ती नाइट करून आलेली आणि भिंतीकडे तोंड करून पडलेली. झोपली नव्हती.

हा लेख लिहायचा म्हणून मी थोडं वाचलं, तेव्हा कळलं की याला नाव आहे. मार्लीन क्रेमर नावाच्या अमेरिकन नर्स-संशोधक बाईंनी 1974 साली यावर एक पुस्तकच लिहिलं. नाव 'रिअ‍ॅलिटी शॉक'. नव्या नर्सेस नोकरी का सोडतात, हा त्यांचा प्रश्न. त्या म्हणतात, नवी नर्स आधी हरखलेली असते. मग तिला धक्का बसतो. मग हळूहळू ती सावरते आणि शेवटी तिचा काहीतरी मेळ बसतो. तो मेळ चांगलाच बसेल असं मात्र नाही. कुणी काम शिकते, कुणी कोडगी होते, कुणी सोडून जाते. मी हे ताईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "1974? मग एवढ्या वर्षांत आम्हाला कुणी सांगितलं काऊन नाही?"

धक्का नेमका कसला, ते तिनं मला नंतर एकेक करून सांगितलं.

कॉलेजात कॅन्युला लावायला प्लास्टिकचा हात होता. त्या हाताची शीर नेहमी जागेवर असते. वॉर्डात पहिल्या आठवड्यात समोर आली ती जुलाब-उलट्यांनी सुकलेली आजी. शीर दिसत नाही, हाताला लागत नाही, आणि आजीचा मुलगा बाजूला उभा राहून मोबाइलवर व्हिडिओ काढतो आहे.

सलाईनचं गणित तिला तोंडपाठ होतं. 500 मिली सलाईन 4 तासांत द्यायचं आणि सेट एका मिलीला 20 थेंबांचा असेल, तर मिनिटाला साधारण 42 थेंब. परीक्षेत तिनं हे गणित कितीदा तरी सोडवलं होतं. पण वॉर्डात घड्याळ लावून एका बाटलीचे थेंब मोजेपर्यंत तिघं जण "सिस्टर, सिस्टर" म्हणून हाका मारतात. पेशंटचा हात हलला की थेंबांचा वेग बदलतो. आणि अशा बाटल्या एक नव्हे, चौदा.

सामान्य वॉर्डात सहा खाटांमागे एक नर्स असावी, असा केंद्र सरकारच्या स्टाफ इन्स्पेक्शन युनिटचा जुना निकष आहे. ताईकडे पहिल्या नाइटला बावीस पेशंट होते. सोबत एक मावशी. डॉक्टर वरच्या मजल्यावर झोपलेले, आणि त्यांना कशासाठी उठवायचं आणि कशासाठी नाही, हे कुठेच लिहिलेलं नाही. उठवलं तर ओरडा बसेल, नाही उठवलं आणि पेशंटला काही झालं तर? ताई म्हणते, पहिल्या वर्षात तिला सगळ्यात जास्त भीती रक्ताची नव्हती, मड्याची नव्हती. त्या फोनची होती.

एमबीबीएस झालेल्या डॉक्टरला पक्की नोंदणी मिळण्याआधी एक वर्ष इंटर्नशिप सक्तीची असते आणि त्याच्या डोक्यावर कुणीतरी सीनियर असतो. नर्सलाही शिकताना वॉर्डात काम असतं, नाही असं नाही. पण तेव्हा ती विद्यार्थिनी असते. नोकरीच्या पहिल्या दिवशी रजिस्टरवर सही तिची, आणि विचारणार तिलाच. काल जी "स्टुडंट" होती ती आज एकदम "सिस्टर". हॉस्पिटलात ड्युटी बदलताना एक नर्स दुसरीला पेशंट समजावून देते. कुणाला काय चालू आहे, कुणाकडे लक्ष ठेवायचं, हे प्रत्येक खाटेपाशी उभं राहून सांगते. त्याला त्या 'ओव्हर' म्हणतात. ओव्हर घेतल्याशिवाय कुणी घरी जात नाही. पण शिकणारी मुलगी नर्स होते त्या वेळी तिला कुणीच ओव्हर देत नाही. ही गोष्ट मला फार खटकली, आणि हा सगळा लेख खरं म्हणजे तेवढ्याचसाठी आहे.

चौथ्या महिन्यात ताई म्हणाली, "मी सोडते. बी.ए. करते, मग बी.एड." आई रडली. बाबांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "सोडायची तर सोड. पण सर्टिफिकेटं त्यांच्याजवळ आहेत, ती कशी आणतं?" तिच्याबरोबरच्या चार मैत्रिणींतली एक त्याआधीच सोडून गेली होती. ती आता भावाच्या मोबाइल दुकानात बसते. तिच्या नावापुढेही आरएन, आरएम आहे.

ताई राहिली याचं कारण दोन बायका.

एक त्या वॉर्डातली मावशी. झाडलोट, बेडपॅन, पेशंटला इकडून तिकडे नेणं, ही तिची कामं. शाळा चौथीपर्यंत. ताईच्या ड्युटीत पहिला मृत्यू झाला तेव्हा रात्रीचे तीन वाजले होते. पुस्तकात या विषयाला जेमतेम एक पान आहे. डोळे मिटावेत, हनुवटी बांधावी, नळ्या काढाव्यात, अंग पुसून घ्यावं, नावाची चिठ्ठी लावावी. बाहेर बाकावर बसलेल्या मुलाला कसं सांगायचं, ते त्या पानावर नाही. डॉक्टरांनी तपासून कागदावर सही केली, दोन शब्द बोलले आणि पुढच्या पेशंटकडे गेले. मुलगा दारात तसाच उभा. ताई काही बोलणार तेवढ्यात मावशी म्हणाली, "पोरी, आधी त्याले बसव. उभ्या माणसासंग असं बोलू नये. पाणी दे. मंग कागदं." ताई सांगते, आजवर हजार लेक्चरं ऐकली असतील, पण कामाला आलं ते हे एक.

दुसरी इन्चार्ज सिस्टर. पांढुर्ण्याकडच्या, मराठी बोलणाऱ्या, पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या. ताईच्या चेहऱ्यावरून त्यांनी काय ते ओळखलं. तिची नाइट बंद करून पंधरा दिवस आपल्यासोबत दिवसपाळीला लावली. शिकवलं असं वेगळं काही नाही. "मी करते ते बघ. आता तू कर, मी बघते." एवढंच. पण त्या फोनचं मात्र त्यांनी नीट शिकवलं. डॉक्टरला फोन करायच्या आधी कागद घ्यायचा. पेशंट कोण आणि आत्ता काय झालं, ते लिहायचं. तो कशासाठी भरती आहे, ते लिहायचं. बीपी, नाडी, श्वास, ताप, लघवी किती झाली, हे स्वतः बघून लिहायचं. आणि शेवटी, आपल्याला काय वाटतं आणि डॉक्टरांनी काय करावं असं वाटतं, तेही लिहायचं. मग फोन लावून तो कागद वाचायचा. ओरडले तर ओरडू दे, आपला कागद पुरा आहे. नर्सिंगच्या पुस्तकांत यालाच 'एसबार' म्हणतात. ताईनं तो शब्द शिकला होता. त्याचा कागद कसा करायचा, ते सिस्टरांनी दाखवलं.

पॅट्रिशिया बेनर या दुसऱ्या अमेरिकन बाईंचं 1984 सालचं पुस्तक आहे. नवशिकी नर्स तज्ज्ञ होईपर्यंत पाच पायऱ्या चढते, असं त्या म्हणतात. सुरुवातीला ती नियम धरून चालते, पुढे पुढे पेशंट पाहूनच तिला काहीतरी बिनसलंय हे कळतं. हे कळणं पुस्तकातून येत नाही. पेशंट पाहून पाहून येतं, आणि जिला आधीच कळतं तिच्या बाजूला उभं राहून येतं.

आणि काही गोष्टी ताईला आधीपासूनच कळत होत्या. त्यांची किंमत तिला उशिरा समजली. आमच्या भागात सिकलसेलचे पेशंट पुष्कळ. 1 जुलै 2023 ला याच राज्यात, शहडोलला, सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं, ते उगाच नाही. एकदा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा हातपाय दुखतात म्हणून आला. कुठे सूज नाही, जखम नाही, आणि नुसता कण्हतोय. बाजूच्या खाटेवरचे नातेवाईक म्हणाले, नाटक करतो. ताईनं आमच्या आत्याच्या मुलाला असंच तळमळताना पाहिलेलं. तिनं त्याला नीट पांघरूण घातलं, घरी आणखी कुणाला असं होतं का ते विचारलं, आणि कागद लिहून डॉक्टरांना फोन केला. त्या दिवशी फोन करताना हात थरथरला नाही, असं ती म्हणते.

भाषेचंही तसंच. म्हातारा पेशंट म्हणतो, "जीव खालीवर होऊन राहिला." हे केसपेपरवर कसं लिहाल? बाहेरून आलेली नर्स विचारते, "दर्द है क्या?" तो नाही म्हणतो, कारण दुखत नाहीच. ताई आधी नाडी बघते. कॉलेजात ती आपल्या गावंढळ बोलीला लाजायची. आता वॉर्डातल्या मुली तिला बोलवायला येतात, "दीदी, ते बाबा काय म्हणतात जरा ऐका ना."

आपल्या कॉलेजच्या प्रार्थनासभेत चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. वाटेत लुटून टाकलेल्या माणसाला तो उचलतो, जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, उताराशाळेत नेतो. दुसऱ्या दिवशी दोन नाणी देऊन तो पुढच्या प्रवासाला जातो. मग पुढचे दिवस त्या जखमी माणसाचं कुणी केलं? उताराशाळेच्या मालकानं. त्याचं नाव गोष्टीत नाही आणि त्याच्यावर कुणी प्रवचन देत नाही. ताई नोकरीला लागल्यापासून मला ती गोष्ट ऐकताना आधी तोच आठवतो. निदान त्याला दोन नाणी तरी मिळाली, आणि जास्त खर्च झाला तर परत येऊन देईन असा शब्दही मिळाला.

नाण्यांचं निघालंच आहे म्हणून सांगते. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर केंद्र सरकारनं समिती नेमली. 50 पेक्षा कमी खाटांच्या खासगी हॉस्पिटलातसुद्धा नर्सला महिन्याला निदान 20,000 रुपये मिळावेत, अशी शिफारस त्या समितीनं केली. ताईचा पगार मी वर लिहिला आहे. आणि स्थळं येतात तेव्हा पहिला प्रश्न पगाराचा नसतो. "नाइट ड्युटी असते काय?" हा असतो. रात्री तुमच्या आईच्या उशाशी कुणीतरी जागं हवं असतं, पण ती तुमची सून नको, असा त्याचा अर्थ. आपल्याकडच्या नर्सिंगच्या इतिहासात 1891 साली प्रशिक्षणाला आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचं नाव पहिली भारतीय नर्स म्हणून दिलेलं असतं. त्यांना त्या काळी काय काय ऐकावं लागलं असेल, हे एवढ्यावरूनही समजतं.

ब्रिटनमध्ये नव्या नर्ससोबत ठरावीक काळ एक अनुभवी नर्स जोडून देतात. अमेरिकेतल्या कित्येक हॉस्पिटलांत नव्या नर्सेससाठी वर्षभराचा कार्यक्रम असतो. आमच्या बालाघाटात लगेच तसं होईल असं मी म्हणत नाही. पण काही गोष्टींना पैसे लागत नाहीत. पहिला महिना नव्या मुलीला एकटीनं नाइट लावू नये. कुणाला विचारायचं, ते एक नाव तिला ठरवून द्यावं. तिची मूळ सर्टिफिकेटं तिच्याकडेच राहू द्यावीत. ताईला इन्चार्ज सिस्टर भेटल्या, तिच्या मैत्रिणीला तशा कुणी भेटल्या नाहीत. दोघींच्या हुशारीत काही फरक नव्हता. पाच वर्षं वाट पाहून शिकलेली मुलगी नर्स राहील की मोबाइलच्या दुकानात बसेल, हे नशिबावर सोडणं बरोबर नाही. ती दुकानात बसली की वॉर्डात तिची जागा रिकामी राहते आणि बावीसचे अठ्ठावीस पेशंट दुसरीच्या वाट्याला येतात.

गेल्या महिन्यात लांजीकडची एक मुलगी ताईच्या वॉर्डात नवीन लागली. तिला एकटीला नाइट देऊ नका, असं ताईनं स्वतः जाऊन सांगितलं. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "मग तूच राहा तिच्यासोबत." ताई राहिली. त्याचे वेगळे पैसे मिळाले नाहीत. त्या पंधरा दिवसांत तिनं त्या मुलीला आपली छोटी वही उतरवून घ्यायला दिली. वहीत डोस आहेत, थेंबांचं गणित आहे, फोनआधी लिहायच्या कागदाचा नमुना आहे, आणि पहिल्याच पानावर मावशीचं वाक्य आहे: आधी त्याले बसव.